सासूकडे पाठ करून

सिरोन्काची बायको रुसून माहेरी गेली, तेव्हा पहिले काही दिवस त्यानं मोठ्या ऐटीत काढले. 'जाईल कुठं? राग उतरला की येईल आपसूक,' असं तो छावणीवरच्या इतर ड्रायव्हरांना सांगत फिरला. पण पाऊस सुरू झाला, गवत गुडघ्याला लागलं, तरी रेसियातोचा राग काही उतरेना. इकडे गाय त्याला आचळाला हात लावू देईना. दूध काढणं हे बायकांचं काम, हे मसाई माणसाला ठाऊक असतं तसं मसाई गाईलाही असतं. तिनं पहिल्याच सकाळी लाथ मारून तुंबा पालथा केला. शेवटी शेजारणीनं दया येऊन दूध काढून दिलं आणि ओढ्यावर पाण्याला येणाऱ्या एकूण एक बाईला ती हकिकत मीठमसाला लावून ऐकवली.

भांडणाचं मूळ होतं एका विनोदात. सिरोन्का मसाई माराच्या रानात परदेशी पाहुण्यांना गाडीतून जनावरं दाखवायचा. जनावरं काय, सगळेच दाखवतात. सिरोन्काचं नाव होतं ते त्याच्या तोंडामुळे. सिंह दिसला नाही तरी पाहुणे खूश होऊन परत जात, इतकं तो बोले. चहाला गाडी मोठ्या उंबराखाली थांबली की त्याची एक गंमत ठरलेली असे. "आमच्या लोकांत जावयानं सासूचं तोंड बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, तिच्यासमोर खायचंही नाही. आणि जग आम्हाला मागासलेले म्हणतं! आता तुम्हीच सांगा, मागासलेलं कोण?" यावर पाहुण्यांतले पोक्त पुरुष असे काही हसत की त्यांच्या बायकांना त्यांच्याकडे रोखून बघावं लागे.

एकदा पाहुण्यांनी फारच आग्रह केला म्हणून त्यानं ती गंमत छावणीच्या दारात पुन्हा सांगितली. तिथं मण्यांच्या माळा विकायला वस्तीतल्या बायका उभ्या होत्या. त्यांत रेसियातोही होती. शाळा शिकलेली बाई ती, इंग्रजी तिला सिरोन्काइतकंच येत होतं. ती ते बोलत नसे, एवढाच काय तो फरक. तिनं हातातल्या माळा गुंडाळल्या आणि तिथून जी निघाली ती सरळ आईच्या घरी.

रिवाजाप्रमाणे सिरोन्कानं दोन वडीलधारे पाठवले. सोबत साखर, नवं घोंगडं आणि एक मेंढी. सासऱ्यांनी तपकीर ओढली, शिंकले आणि म्हणाले, "अपमान पोरीच्या आईचा झालाय. निवाडा तीच करील. मी मध्ये पडलो तर मला जेवायला कोण घालणार?"

सासूचा निरोप आला तो असा: "घोंगडं नको, मेंढी नको. जगभरच्या बायकांना ज्या गाडीतून फिरवतोस तिच्यातून मला फिरव. त्यांना जे जे सांगतोस ते सगळं मला सांग. एक शब्द गाळायचा नाही. मग बघू पोरीचं."

हे ऐकून म्हातारे हबकले. सासू आणि जावई एका गाडीत? आजवर कुणी ऐकलं नव्हतं. पण सासूनं त्याचंही उत्तर धाडलं होतं. "गाडी हाकणारा पुढं बघतो ना? मग सासूकडे पाठ करून बसायला त्याहून चांगली जागा कुठली?" म्हाताऱ्यांनी झाडाखाली बसून या मुद्द्यावर बराच वेळ डोकी खाजवली, पण तिच्या बोलण्यात कुणाला फट सापडेना.

पावसात पाहुणे कमीच असतात. छावणीच्या मॅनेजरीण बाईंनी गाडी दिली. वर "बघ हो, सगळे जिवंत परत आण. तुझ्यासकट," असं बजावलं. सिरोन्का भल्या सकाळी सासुरवाडीच्या काटेरी कुंपणाशी जाऊन पोचला आणि रिवाजाप्रमाणे गाडीच्या तोंडाशी, डोंगराकडे नजर लावून उभा राहिला. मागं मण्यांचा खळखळाट, कुजबूज, पायरीवर पाय घसरल्याचा आवाज आणि मग खूप हसणं.

"झालं का सगळ्यांचं, कोको?" त्यानं डोंगरालाच विचारलं.

कोको म्हणजे आजी. ही कोको नोलारी त्याची आजेसासू, सासूची सासू. आजेसासूशी मात्र बोलायला काही आडकाठी नाही. उलट जितकी थट्टा कराल तितकी थोडी, असाच तिथला रिवाज. म्हणून तिला मध्यस्थ नेमलं होतं. सासूनं कोकोला सांगायचं, कोकोनं त्याला.

"झालं, जावईबापू," कोको म्हणाली. "मी आहे, तुझी सासू आहे आणि वस्तीतल्या या भवान्या आहेत. फुकटचं म्हटल्यावर सगळ्यांचे गुडघे बरे झाले."

"आणि... रेसियातो?"

"तिचं काय? तिला वासरं बघायचीत. म्हणाली, असल्या माणसाच्या गाडीत पाय ठेवायचा नाही मला."

मागं पुन्हा हशा पिकला. सिरोन्का मुकाट्यानं चढून बसला. समोरच्या आरशात लाल कापडाचा एक पदर दिसला, तशी त्यानं झटकन मान खाली घातली. या आरशातून तो रोज पाहुण्यांचे चेहरे बघून बोलायचा. कोण कंटाळलंय, कोण घाबरलंय, सगळं त्यात कळे. आज त्यानं तो फिरवून छताकडे केला. आता मागचं त्याला काहीच दिसणार नव्हतं.

पहिली गाठ पडली ती झेब्र्यांशी. सिरोन्कानं घसा साफ केला आणि नेहमीचं सुरू केलं. प्रत्येकाचे पट्टे वेगळे, दोन झेब्रे कधी सारखे नसतात, वगैरे. मागून कोकोचा आवाज आला, "तुझी सासू विचारते, ओझं वाहतात का?"

"नाही, कोको."

"दूध?"

"नाही."

"मग पट्ट्यांचं काय कौतुक? एवढी गाढवं फुकट गेली म्हणायची."

तरसाला बघून तर बायकांनी अशी काही बोटं मोडली, की ते बिचारं गवतात तोंड खुपसून बसलं. एकीनं तर ते ओळखलंच. आपलं कोकरू खाल्लं ते हेच, त्याच्या डाव्या कानावरून सांगते, म्हणाली. रानगवे दिसले तेव्हा मात्र सगळ्या गंभीर झाल्या. कुठला बैल चांगला, कुठल्या गाईची कास भरलेली, यावर गाडीत बाजार भरला. सिरोन्काचं कोण ऐकतंय! जगातल्या कुठल्याच पाहुण्यांनी त्याला इतकं गप्प बसवलं नव्हतं.

तेवढ्यात वायरलेस खरखरला. पलीकडून ओडुओर स्वाहिलीत बोलत होता. लुओ जमातीचा ड्रायव्हर, सिरोन्काचा जिगरी दोस्त आणि त्यामुळेच महाचावट. "काय सिरोन्का, आज कुठले पाहुणे? जर्मन का?"

"नाही."

"मग?"

"सासुरवाडी."

वायरलेसवर रानातल्या सगळ्या गाड्यांतून एकदम हसू. "अरे बापरे! म्हणजे आज सर्वांत मोठं जनावर तूच घेऊन फिरतोयस की!" ओडुओर ओरडला.

सिरोन्कानं झडप घालून आवाज बंद केला, पण उशीर झाला होता. मागं कोको शांतपणे म्हणाली, "तुझी सासू म्हणते, तिला बाजारापुरतं स्वाहिली येतं."

त्याला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पोरीचा निवाडा व्हायचा होता आणि वाटेतच गुन्ह्यात भर पडत होती.

बाभळीखाली सिंहिणी सापडल्या. पोटं टम्म, पाय वर, बछडी अंगावरून लोळताहेत. त्यानं गाडी अगदी जवळ नेऊन बंद केली. मागून सासूचा दबका आवाज त्यानं प्रथमच ऐकला. ती कोकोलाच सांगत होती, "मी सिंह कधी बसलेला बघितला नव्हता, सासूबाई. पळणारा बघितलाय, नाहीतर आपल्याला पळवणारा. बसल्यावर आपल्यासारखाच दमलेला दिसतो की."

सिरोन्का वर्षानुवर्षं सिंह दाखवत आला होता, पण हे असं काही त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. त्याला तिच्याकडे वळून बघावंसं वाटलं. अर्थात त्यानं बघितलं नाही.

पुढं ओढ्याच्या अलीकडे हत्तींचा कळप वाट ओलांडत होता. तो थांबला, इंजीन बंद केलं आणि हत्तींच्या स्मरणशक्तीवर बोलू लागला. हा त्याचा हातखंडा विषय. बोलता बोलता तो रंगात आला. एरवी त्याची नजर दर दोन वाक्यांना आरशात जाऊन मागची वाट बघून येई. आज आरसा छताचे स्क्रू दाखवत होता. कळपातली एक हत्तीण पिलासह मागं राहिली होती. तिला कळप गाठायचा होता आणि मध्ये ही गाडी. ती मागच्या झुडपातून निघाली ती कान पसरूनच.

सासूनं कोकोला कोपरानं ढोसलं. पण कोकोला सकाळच्या उन्हात अशी छान डुलकी लागली होती की हत्ती काय, एन्काय देव स्वतः आला असता तरी ती जागी झाली नसती. आता आली का पंचाईत! जावयाशी बोलावं तर रिवाज मोडतो, न बोलावं तर सगळ्यांचा चेंदामेंदा होतो.

सासू डगमगली नाही. ती हत्तिणीशीच बोलू लागली.

"ये बाई ये," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "अशी कान फडकावत, लेकराला घेऊन मागून आलीस होय? रागवू नकोस हो. पुढं जो माणूस बसलाय तो तुझ्याच आठवणशक्तीचं कौतुक करतोय. बोलायला लागला की त्याला जगाचं भान राहत नाही. त्याच्या उजव्या हाताला वाट मोकळी आहे. हे त्याला कुणी सांगितलं असतं तर तो आत्ताच्या आत्ता तिकडे गेला असता बघ!"

लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथं हत्तिणीला बोललेलं जावयाला लागलं. सिरोन्कानं किल्ली फिरवली, उजवीकडे कापली आणि गाडी चिखल उडवत झाडीपलीकडे नेली. हत्तीण तशीच पुढं निघून कळपात मिसळली. गचक्यानं कोको जागी झाली आणि म्हणाली, "काय झालं? पोचलो का?"

सिरोन्कानं गाडी सावकाश पुढं काढली. भीती होतीच, पण त्याहून जास्त होती ती शरम. ज्या बाईचं तो रोज परक्या लोकांपुढं हसं करत होता, तिनं ऐन मरणाच्या दारातही त्याच्याकडे तोंड वळवलं नव्हतं आणि रिवाज सांभाळून त्याचाही जीव सांभाळला होता.

मग उंबर आला. नेमका आज तो लवकर आला असं त्याला वाटलं. त्यानं गाडी थांबवली, मागं न बघता बायकांसाठी दुधाचा चहा कोकोच्या हाती दिला आणि स्वतःचा पेला घेऊन गाडीच्या पुढं, बंपरवर पाठमोरा बसला. सासूसमोर चहा कसा घ्यायचा?

"जावईबापू," कोकोनं हाक दिली. "इथं म्हणे एक गोष्ट असते."

"इथं मी उंबराची माहिती सांगतो, कोको. याच्या मुळांचा..."

"तू जन्मला नव्हतास तेव्हापासून उंबर बघतेय मी. गोष्ट सांग. एक शब्द गाळायचा नाही, असं ठरलंय."

इकडे आड, तिकडे विहीर. सिरोन्कानं चहाचा पेला दोन्ही हातांत धरला आणि सांगितली. इंग्रजीत ही गंमत कशी झोकात धावायची. आपल्या भाषेत ती पाय ओढत, लंगडत निघाली. 'सासूचं तोंड बघायचं नाही' इथपर्यंत आला तेव्हा त्याचा आवाज त्यालाच ऐकू येईना. 'मागासलेलं कोण' हे तर त्यानं जवळजवळ पेल्यातच म्हटलं.

कुणी हसलं नाही.

"सासूबाई," मागून सासू म्हणाली, "त्या माणसाला सांगा, ही गोष्ट अर्धीच आहे. पाहुण्यांना पुरी सांगत जा म्हणावं. एन्कायनं हा रिवाज घालायच्या आधी सासूला विचारलं होतं, 'बाई, लेक कुणाच्या पदरात टाकलीस ते नीट बघून घेतेस का?' सासूनं बोटांच्या फटीतून एकदाच बघितलं आणि म्हणाली, 'नको रे देवा, झाकलेलंच बरं!'"

गाडी अक्षरशः हलली, इतक्या बायका हसल्या. कोको हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "माझं मेलीचं नशीब बघा, सुनेचं तोंड न बघायचा रिवाज काही त्यानं केला नाही!" यावर सासूही हसली. आणि सिरोन्का, ज्याची गंमत त्याच्याच गळ्यात आली होती, तोही हसला. त्याच्या गोष्टीहून ही गोष्ट चांगली होती, हे त्याला लगेच कळलं. शेवटी धंदा त्याचा तोच.

हसू ओसरल्यावर कोको म्हणाली, "तुझी सासू विचारते, बायकोबद्दल काय सांगतोस पाहुण्यांना?"

"काही नाही."

"का?"

"तिला कुणी हसलेलं मला सोसणार नाही."

"तुझी सासू विचारते, आणि मला हसलेलं सोसतं?"

सिरोन्काकडे उत्तर होतं, पण ते कोकोमार्फत द्यायचं नव्हतं. तो उठला, उंबराच्या बुंध्याजवळ गेला आणि सासू हत्तिणीशी बोलली होती तसा झाडाशी बोलू लागला.

"उंबरा," तो म्हणाला, "माझं चुकलं. एका बाईकडे बघायचं नाही असं मला शिकवलं, म्हणून ती नाहीच असं समजून मी बोलत गेलो. ती आहे, तिला कान आहेत, तिला लागतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मान म्हणून जिच्यापासून दूर राहायचं, तिचीच मी चेष्टा विकली." त्यानं बुंध्यावर हात टेकला. "आणि तिची लेक गेल्यापासून घर खायला उठतंय रे. सिंह परवडले, ते निदान पोट भरल्यावर झोपतात. दिवसभर मी बडबडतो, संध्याकाळी घरी गेलो की ऐकायला कुणी नसतं आणि मग कळतं, की दिवसभरात बोलण्यासारखं एकच माणूस होतं. तिला घरी धाड म्हणून त्या बाईला सांगशील का?"

मागच्या बाकावर कुणीतरी नाक ओढलं आणि कुणीतरी तिला "शूः" केलं.

"चहा गार झाला," सासू कोकोला म्हणाली. "सांगा त्याला, निघू या."

बस, एवढंच. सिरोन्का समजायचं ते समजला. परतीच्या वाटेवर त्यानं कशाचीही माहिती दिली नाही. जिराफ आले, गेले. परत सुरू केलेल्या वायरलेसवर ओडुओर विचारत होता, "सिरोन्का, आहेस का? खाल्लं का रे तुला?" त्यानं तो पुन्हा बंद केला. बोलून बसलो ते चुकलं की न बोलणं चुकलं असतं, याचा विचार करून त्याचं डोकं दुखायला लागलं. उद्या सकाळी पुन्हा गाय लाथ मारील, शेजारीण पुन्हा हसेल, आणि असंच आता चालायचं.

सासुरवाडीच्या कुंपणाशी त्यानं गाडी उभी केली आणि नजर परत डोंगराला लावली. मागं खळखळाट, कुजबूज; एकेक जण उतरत गेली. बाकीच्या बायका वस्तीत शिरल्याचे आवाज येईपर्यंत तो हलला नाही. शेवटी काठी टेकत कोको खिडकीशी आली. तिनं त्याला डोकं वाकवायला लावलं आणि त्यावर आशीर्वादाची थुंकी शिंपडली.

"पाहुणे म्हणून आम्ही कशा होतो?" तिनं विचारलं.

"फार त्रासदायक."

"मग बरोबर."

"कोको," तो घाईनं म्हणाला, "काय ठरलं? रेसियातोचं काय म्हणाल्या त्या?"

"कोण, तुझी सासू? ती म्हणाली, उंबराशी बोलायला लागलेल्या माणसाला फार दिवस एकटं ठेवू नये." कोकोनं काठी उचलली. "पण पोरीचं मन पोरीला विचार. आम्ही कशाला मध्ये?"

"कुठं आहे ती? गोठ्यात?"

"अरे, दिवसभर पाठ केलीस ती केलीस. सासू उतरली आता. मागं बघायला काय झालं?"

सिरोन्का वळला. अगदी शेवटच्या बाकावर, डोक्यावरून लाल कापड घेऊन, मांडीवर कपड्यांचं गाठोडं धरून रेसियातो बसली होती. डोळे रडून सुजलेले आणि ओठ हसू दाबायच्या खटपटीत.

"तू... सकाळपासून..." एवढंच दिवसभर बोलून जगणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून कसंबसं आलं.

"सकाळपासून," ती म्हणाली. ती उठली, गाठोडं पुढं भिरकावलं आणि बाकावरून ढेंगा टाकत त्याच्या शेजारच्या जागेवर येऊन बसली. "मागं बसून फार धक्के बसतात. इथून पुढं मी इथं बसणार. चल, हाक गाडी."